कुसळ काढणारे हात

कुसळ म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या मुलाला शब्दकोश उघडून कळायचं नाही. त्याला दिवाळीनंतर एकदा उंबरमाळीला आणावं. कसारा लोकलने खर्डी सोडलं की उंबरमाळी आणि त्याच्यापुढे कसारा, म्हणजे थळ घाटाचा पायथा. शहापूर तालुक्यातलं हे एवढंसं स्टेशन. अनेक मुंबईकरांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते जुलै २०२१ मध्ये, पावसाचं पाणी फलाटापर्यंत चढलं आणि गाड्या थांबल्या तेव्हा. एरवी इथे गाडी क्षणभर थांबते, मोजकी माणसं उतरतात आणि रुळाच्या कडेकडेने आपापल्या पाड्याच्या वाटेला लागतात.

दिवाळीनंतर भाताची कापणी उरकलेली असते आणि माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. त्या गवतातून दहा पावलं चाललात की पायमोजे, धोतराचा सोगा, साडीचा काठ, जिथे मिळेल तिथे बारीक टोकदार कुसळं रुतून बसतात. ओढलं तर मोडतं, निम्मं आतच राहतं. गवत कापणाऱ्याच्या, पेंढ्या बांधणाऱ्याच्या डोळ्यात ते हमखास जातं. आणि मुसळ? गिरण्या आल्यापासून ते घराच्या कोपऱ्यात उभं असतं. लग्नात हळदीच्या वेळी त्याला कुंकू लागतं, एवढाच आता त्याचा मान. पण पुरुषभर उंचीचं ते लाकूड डोळ्यात असून माणसाला दिसत नाही, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली असेल तो मोठा विनोदी असला पाहिजे.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आपण सगळेच म्हणतो. बहुतेक वेळा दुसऱ्याला उद्देशून म्हणतो, हा त्यातला आणखी एक विनोद. बायबलच्या नव्या करारात, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत, येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. त्यातला सातवा अध्याय सुरू होतो तोच इतरांचे दोष काढत बसू नका, या सांगण्याने. मूळ ग्रीकमध्ये तिथे बारीक ढलपी आणि तुळई असे शब्द आहेत. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला सुचावी अशीच उपमा. मराठी बायबलात ढलपीचं कुसळ झालं आणि तुळईचं मुसळ, आणि ते इतकं चपखल बसलं की हे बोल जॉर्डन नदीच्या मुलखातले आहेत, असं सांगावं लागतं.

आपली म्हण मात्र अर्ध्यावर थांबते. तुझ्या डोळ्यात मुसळ आहे, तेव्हा तू बोलू नकोस, एवढ्यावर ती समोरच्याचं तोंड बंद करते. येशूचं बोलणं तिथे संपत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं तो पुढे सांगतो. म्हणजे कुसळ आहे तिथेच राहू द्या, असा त्याचा सांगावा नाही. कुसळ डोळ्यात ठेवून कोणाला झोप लागेल?

हा उरलेला अर्धा भाग मला उंबरमाळीच्या पाड्यावर नीट उमगला. या भागात गेली बरीच वर्षं माझं येणं-जाणं आहे. एका सकाळी एक म्हातारी ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसली होती आणि नातवाचं डोकं तिने गुडघ्यांत धरलं होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी उचललेली, उजव्या हातात पदराचं ओलं टोक. पोर वळवळत होतं, ती त्याला शिव्या देत होती आणि हात मात्र लोण्यासारखा हलका. दोन मिनिटांत कुसळ बाहेर. या कामाला जवळ जावं लागतं, आपली नजर स्वच्छ लागते आणि पोराचा विश्वास लागतो. दहा हातांवरून कुसळ नुसतं दाखवता येतं.

नारायण वामन टिळकांना, म्हणजे आपल्या रेव्हरंड टिळकांना, हे प्रवचन भेटलं तेही आगगाडीतच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि वाचण्याचा आग्रह केला. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मी स्वतः ख्रिस्ती नाही, माझ्या घरी पंढरीची वारी आहे, त्यामुळे हा पूल मला दुसऱ्या टोकाकडून ओळखीचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून लांबची. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या काही वर्षं मुलासह दूर राहिल्या, परत आल्यावरही आपलं सोवळं सांभाळत राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटतं की, या बाईंनी नवऱ्याचा तापटपणा लपवला नाही, त्याचा भोळेपणा लपवला नाही, आणि तरी त्याच्यावर निकालपत्र लिहिलं नाही. कुसळ काढणारा हात लेखणीतही असू शकतो.

निकालपत्र लिहायला मात्र आपल्याला आवडतं. ते लिहायला वेळही फार लागत नाही. नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कसाऱ्याला मागून जादा इंजिन लागतं. त्यासाठी गाडी थांबली की खिडकीतून बाहेर बघणाऱ्यांची चर्चा ऐकावी. रुळाकडेने लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या बाया दिसतात, उघडी पोरं दिसतात, आणि डब्यात एकमत होतं, ही माणसं अशीच. काम नको, दारू हवी, पोरांना शाळेत घालत नाहीत. इंजिन लागतं, गाडी सुटते, निकाल तेवढा मागे राहतो.

डब्यातल्यांनाच का बोल लावा? पाड्यापाड्यांतही उतरंड आहेच. कुणबी ठाकरांना नावं ठेवतात, ठाकर कातकऱ्यांना. कातकऱ्यांना नावं ठेवायला तर कोणीही मोकळं. खैराच्या लाकडातून काथ काढणारे ते कातकरी. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. जंगल हातचं गेलं तसे कातकरी वीटभट्टीकडे वळले. पावसाळा सरला की भट्टीमालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं टेम्पोत घालून अख्खं कुटुंब भिवंडी-कल्याणच्या बाजूला निघतं. परततात ते पाऊस तोंडावर आल्यावर. घेतलेली उचल फिटली नसेल, तर पुढच्या वर्षीही तीच भट्टी. पोरांची शाळा बुडते ती अशी. पहाटेच्या अंधारात माती कालवायला उठणाऱ्या या माणसांना आळशी म्हणणारा ज्या भिंतीला टेकून बसलेला असतो, त्या भिंतीच्या विटा कोणी पाडल्या, हे त्याला कोण सांगणार?

अशा निकालांना सरकारी शिक्काही मिळत आला आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तान्हं मूलही त्यात आलं. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला. कायदा एका दिवसात रद्द करता येतो, नजर तशी रद्द होत नाही.

मग ती बदलते कशी? चांगलं वागायचा संकल्प करून बदलत नाही, हे नक्की. मराठी समाजात ही नजर मुळापासून बदललेली मला सर्वांत स्पष्ट दिसते ती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे दीडशे वर्षं होत आली तरी वाद चालतो. पण धर्मांतराच्या आधी त्यांच्या मनात काय हललं, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

१८८२ साली त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघालं तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. दुष्काळात आई-वडील गेले होते. भावाबरोबर पायी देशभर फिरून त्या कलकत्त्याला पोचल्या, तिथे पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं आणि दोन वर्षांच्या आतच त्या विधवा झाल्या. कडेवर मनोरमा. इतकं सोसलेल्या बाईचं पुस्तक बायकांविषयी कनवाळू असेल, अशी आपली समजूत होईल. पण तसं नाही. त्यात सूर उपदेशाचा आहे आणि बराच झाडाझडतीचा आहे. बायका अज्ञानी, बायका आळशी, बायकांनी असं वागावं, तसं वागू नये. गंमत अशी की, त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ निघालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने लाजेपायी नवजात मूल मारलं आणि तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली. त्यावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीचा उद्धार चालला होता. ताराबाईंनी संतापून विचारलं की, सारे दोष बायकांच्याच अंगी कसे? एकाच वर्षी दोन मराठी बायका लिहीत होत्या. एक बायकांची झडती घेत होती, दुसरी झडती घेणाऱ्यांची.

‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीच्या पैशांचा इंग्लंडच्या प्रवासाला हातभार लागला आणि १८८३ साली रमाबाई तिथे पोचल्या. वाँटेज गावच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्या उतरल्या. याच मठाच्या भगिनी पुण्यातही काम करत होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला आपलं काम पाहायला नेलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे आश्रयगृहं होती. रमाबाईंनी पुढे १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, त्यात ही हकिकत आहे. तिथल्या काही स्त्रिया पूर्वी त्याच आश्रयगृहात आल्या होत्या आणि आता आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करत होत्या. जिला शहराने ओवाळून टाकलं, ती कोणाच्या तरी उशाशी बसून त्याला पाणी पाजत होती. अशा बायकांसाठी काही करायचं असतं, हेच रमाबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांना शास्त्रं पाठ होती, आणि शास्त्रांत अशा बायकांसाठी काय शिक्षा सांगितली आहे तेही पाठ होतं.

त्यांनी आपल्या शिक्षिकेला सरळ विचारलं की, तुम्ही लोक हे का करता? उत्तरादाखल त्या भगिनीने उपदेश केला नाही. योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला आणि विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट अशी. चालून थकलेला येशू शोमरोन प्रांतातल्या सुखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीवर बसला होता. वेळ भर दुपारची. शिष्य गावात अन्न आणायला गेलेले. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्याला शिवत नसत. एक शोमरोनी बाई एकटीच पाण्याला आली, तेव्हा तो म्हणाला, मला प्यायला दे. ती चकित झाली. बोलण्याबोलण्यात निघालं की, तिचे पाच नवरे झाले होते आणि आता होता तो नवरा नव्हता. त्याला हे ठाऊक होतं. त्याने ते बोलून दाखवलं, झाकलं नाही. पण त्यावर थांबला नाही. तिच्याशी देवाबद्दल बोलला, खऱ्या भक्तीबद्दल बोलला, जे एरवी धर्मपंडितांशी बोलायचे विषय. बाई घागर तिथेच टाकून गावात पळाली आणि लोकांना बोलावून घेऊन आली.

या गोष्टीत मला सगळ्यांत मोठं वाटतं ते त्याचं पहिलं वाक्य. तो तिला काही द्यायला आधी निघाला नाही, तिच्याकडे मागायला निघाला. देणारा वरच्या पायरीवर असतो. मागणारा खाली येतो. ज्या देशात पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं, त्या देशात ‘तुझ्या हातचं पाणी दे’ या मागण्याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची त्यांनी या संदर्भात केलेली तुलना सगळ्यांना पटेलच असं नाही. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा हिला पंढरीच्या देवळातच जागा मिळाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, त्यासाठी त्यांना बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही. आणि रमाबाईंवर टीकेची झोड उठली तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेणारे जोतीरावच होते. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. रमाबाईंची स्वतःची नजर बदलली ती त्या विहिरीपाशी.

पुढे त्यांना स्वतःला किती कोर्टांत उभं राहावं लागलं, ते पाहिलं म्हणजे या बदलाची किंमत कळते. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तेव्हाचं पुणं म्हणजे, १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उठवणारं पुणं. चहाला ही शिक्षा, तर धर्मांतराला काय? शारदा सदनातल्या विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली गहजब झाला आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. पण न्यायाधीश दोन्ही काठांवर होते. इंग्लंडमध्ये रमाबाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार, असं निघालं तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनीच हरकत घेतली. त्या अंडंसुद्धा खात नसत, याचा अर्थ त्यांच्या धर्मगुरुभगिनीने जातीचा अहंकार असा लावला. दोष काढू नका, असं शिकवणाऱ्या धर्माची माणसं दोष काढायची थांबतात असं कुठे आहे? शिकवण एक आणि शिकणारे अनेक.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडच्या अलीकडे केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, तेलाची घाणी होती, छापखाना होता, आणि हे सगळं बायका चालवत होत्या. त्यातच त्यांनी एक वेगळा विभाग काढला, त्याचं नाव कृपासदन. फुलहॅमला पाहिलं होतं ते केडगावात आलं. ज्यांना गावात घर नव्हतं, माहेर नव्हतं, ज्यांचं नाव घेताना बायका पदर तोंडाला लावत, त्यांच्यासाठी ते होतं. १८८२ साली बायकांना फैलावर घेणारी लेखिका आता अशा बायकांच्या जखमा धूत होती. कृपासदन असं नाव तिने ठेवलं. सुधारगृह म्हटलं नाही.

त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. दोष काढू नका याचा अर्थ अन्याय पाहून डोळे मिटा, असा त्यांनी कधी केला नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता तेव्हा सरकारी छावणीत बायकांची जी हेळसांड होत होती, त्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं, आणि ते सरकारला झोंबलं. माणसावर शिक्का मारणं वेगळं आणि चुकीला चूक म्हणणं वेगळं. हा फरक सांभाळणं ही तारेवरची कसरत आहे. म्हणून तर आपण बहुतेक जण शिक्का मारून मोकळे होतो.

शेवटची वर्षं रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि पुस्तक १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

त्या विहिरीची गोष्ट मी अनेकदा वाचली होती, विद्वानांच्या टीकाही चाळल्या होत्या. तरी ती कळली असं वाटलं ते उंबरमाळीजवळच्या एका पाड्यावर, बचत गटाच्या बैठकीत. याला कारण पाणी. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आला की विहिरीत रिकामा होतो, मग कडेवर दोर सोडलेल्या बायांची झुंबड. विहिरीवर कोण किती वाजता येतं, यावरून पाड्याचं सगळं राजकारण कळतं.

त्या पाड्यावर एक तरुण बाई दुपारची पाण्याला यायची. भट्टीवरून एकटी परतली होती, कडेवर मूल. नवरा तिकडेच. तिच्याबद्दल चार घरी चार गोष्टी. त्यातली खरी कोणती, ते मी इथे लिहिणार नाही, कारण लिहिलं की वाचक लगेच निवाड्याला बसेल. ती निर्दोष निघाली तर गोष्ट सोपी होते, आणि दोषी निघाली तरी सोपीच होते. तिला गटात यायचं होतं. गटातल्या बारा जणींपैकी निम्म्याहून अधिक जणींचा नकार होता.

गटाचे हिशेब लिहायला एक निवृत्त शिक्षिका येतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. पाड्यावर त्यांना सगळे ‘बाई’च म्हणतात. त्यांच्या पिशवीत हिशेबाच्या वहीशेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ असतं. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारं हे मराठी लिहिणारे फादर २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा झगा पाहूनच विरोध करणारे निघाले होते. २०२४ साली फादर गेले. बाई ते पुस्तक कोणाला दाखवत नाहीत, आपलं आपण वाचतात. त्या दिवशी वाद चिघळला तेव्हा त्या म्हणाल्या, “एक गोष्ट सांगू का? विहिरीची आहे.” बाहेर बिडी ओढत बसलेल्या एकाने आत डोकावून विचारलं, “धरमाची हाय का?” बाई म्हणाल्या, “पाण्याची आहे. ऐका तुम्हीपण.”

त्यांनी सांगायला सुरुवात केली. एक दमलेला वाटसरू विहिरीवर बसलाय, भर दुपार, एक बाई एकटी घागर घेऊन आली. एवढ्यातच कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, “दुपारची आली? म्हंजे बाकीच्या बाया हिला बोलत असतील. सकाळच्या वक्ताला हिला कोण उभी करील?”

पंडितांनी टीपा लिहून जे समजावलं, ते निरक्षर म्हातारीला वेळ ऐकूनच कळलं. बैठकीत कोणी काही बोलेना. ती तरुण बाई दाराशी बसली होती, तिच्याकडे कोणी बघेना. गोष्ट पुढे गेली. वाटसरूने पाणी मागितलं, त्याच्या जातीने तिच्या हातचं पाणी घ्यायचं नव्हतं तरी मागितलं, इथे दोघी-तिघींनी मान हलवली. पाच नवऱ्यांपाशी एक जण फिसकन हसली, तिला दुसरीने कोपराने ढोसलं.

गोष्ट संपल्यावर सगळ्या विरघळल्या, असं काही झालं नाही. एक जण फटकळपणे म्हणाली, “तो काय, वाटसरू. पाणी पिऊन गेला निघून. आम्हाला हिच्यासंगं इथं नांदायचंय.”

“दोन दिवस राहिला तो त्या गावात,” बाई म्हणाल्या. “त्यांच्याच घरी जेवला-खाल्ला असणार.”

“आणि हप्ता बुडवला तर? आमच्या डोक्यावर?”

हा प्रश्न खोटा नव्हता. बारा घरांनी घाम गाळून साठवलेले पैसे आहेत, त्यांची काळजी करणं हा काही कोणाचा दोष काढणं नव्हे. मघाची म्हातारीच म्हणाली, “हप्त्याचं हप्त्याला बघू. घरचं त्यात कशाला घालताय?” मग पुष्कळ घासाघीस झाली. ठरलं ते असं की, नव्या येणाऱ्या कोणत्याही बाईने आधी सहा महिने नुसती बचत भरायची, कर्ज मागायचं नाही. नियम हिच्यापुरता नाही, सगळ्यांना. दोघींनी तरी मान्य केलं नाही, त्यातली एक पुढच्या महिन्यात गट सोडून गेली.

बाईंनी वही पुढे ओढली आणि तेराव्या ओळीत नाव लिहिलं. शाईचा डबा सरकवला तेव्हा ती तरुण बाई हात मागे घेऊन म्हणाली, “अंगठा नको. मुकादमाच्या वहीत लई उठवलेत. सही शिकवा.” बाईंनी शाईचा डबा बंद केला आणि एका पोराला शेजारच्या घरातून पाटी आणायला पिटाळलं.